विनाइलखालची जमीन

माझ्या मावशीचं घर चिपळूणजवळ आहे, बैठं. गेल्या मे महिन्यात तिने मागच्या खोलीत नवा कोबा घातला आणि दोन आठवड्यांत त्यावर सागवानी नक्षीचं विनाइल चिकटवून घेतलं. खोली एकदम उजळली. श्रावणात मी गेले तेव्हा दार उघडताच वास आला. कुबट नव्हता, गोडसर, रंगाच्या डब्यासारखा, डोक्यात चढणारा. कोपऱ्यातल्या पट्टीची कड उचलली गेली होती आणि खालचा गोंद घट्ट होण्याऐवजी लोण्यासारखा मऊ झाला होता.

“अगं, माल खोटा निघाला बहुतेक,” मावशी म्हणाली.

माल खोटा नव्हता. खालची जमीन ओली होती. विनाइल निवडताना आपण नक्षीचा कॅटलॉग उलटतो, मिलिमीटर विचारतो, दर विचारतो. ते ज्या जमिनीवर बसणार ती कशी आहे, हा प्रश्न मात्र राहून जातो. खरं तर खोलीगणिक निवड बदलते ती या जमिनीमुळे आणि त्या खोलीतल्या पाणी, ऊन, वाळू, तेल यांच्यामुळे. हे नीट कळायला हा पदार्थ मुळात काय आहे ते बघायला हवं.

विनाइल म्हणजे पीव्हीसी, पॉलिव्हिनाइल क्लोराइड. आपल्या नळाच्या पाइपांचंच हे भावंड. १८७२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांना उन्हात राहिलेल्या काचपात्रात हा पांढरा घट्ट पदार्थ तयार झालेला दिसला. पण तो कडक, ठिसूळ होता आणि तापवून घडवायला गेलं की करपायचा. पुढची पन्नासेक वर्षं त्याचा फारसा कुणाला उपयोग सुचला नाही. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन हे रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होते. त्यांनी पीव्हीसी एका जड, उशिरा उकळणाऱ्या द्रावकात तापवलं. चिकटपणा काही मिळाला नाही, पण थंड झाल्यावर हाती आला तो रबरासारखा लवचीक गोळा. १९३३ च्या शिकागोतल्या जागतिक प्रदर्शनात विनाइलच्या फरश्या लोकांसमोर आल्या.

सेमन यांनी नकळत केलं होतं ते असं: पीव्हीसीचे लांब रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांच्यामध्ये तेलासारखे छोटे रेणू शिरले की ती पकड सैल होते, साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात आणि पदार्थ वाकतो. या छोट्या रेणूंना प्लॅस्टिसायझर म्हणतात. ते पीव्हीसीला रासायनिक बंधाने जोडलेले नसतात, नुसते मध्ये वस्तीला असतात. पायाखालचा मऊपणा, गुंडाळता येणारा रोल, पावलांचा दबलेला आवाज, हे सगळं त्यांच्यामुळे. आणि विनाइलच्या बहुतेक तक्रारीही त्यांच्याचमुळे.

मावशीच्या खोलीत हेच झालं. काँक्रीट सुकतं फार सावकाश. बांधकामातला ठोकताळा असा की पाणी मारणं थांबल्यावर दर इंच जाडीला साधारण महिना द्यावा, तोही कोरड्या हवेत. कोकणातल्या पावसाळ्यात ते सुकणं जवळपास थांबतं. शिवाय बैठ्या घरात जमिनीतली ओल केशाकर्षणाने वर चढत राहते. एरवी हे पाणी कोब्यातून हवेत निघून जातं, आपल्याला कळतही नाही. वर विनाइल पसरलं की त्याला वाट उरत नाही. नव्या सिमेंटमधलं हे पाणी साधं नसतं. त्याचा सामू १२ ते १३, म्हणजे चुन्याच्या निवळीसारखं जहाल अल्कधर्मी. या पाण्यात गोंद विरघळू लागतो आणि काही प्लॅस्टिसायझर तुटतात. डीईएचपी नावाचा जुना, स्वस्त प्लॅस्टिसायझर असा तुटला की त्यातून २-इथाइलहेक्झॅनॉल हे अल्कोहोल सुटतं. गोडसर, डोक्यात चढणारा वास त्याचा. उदबत्ती लावून किंवा फिनेल फिरवून तो जात नाही, कारण खाली तो रोज नव्याने तयार होत असतो.

यावर एक परीक्षा आहे, जवळजवळ फुकट. दीड फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर पसरायचा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि किमान सोळा तास तसाच ठेवायचा. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा जमीन काळपट पडली असेल तर थांबायचं. तळमजल्यावर आणि नव्या कोब्यावर ही परीक्षा घेतल्याशिवाय विनाइल घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. आणि थेंब दिसले नाहीत म्हणूनही पावसाळ्याच्या तोंडावर घाई करू नये.

वरच्या मजल्यावरची निजायची खोली ही विनाइलची सगळ्यात आनंदाची जागा. ग्रॅनाइट पीव्हीसीच्या साधारण पंधरापट वेगाने उष्णता वाहून नेतो. दोन्हींचं तापमान सारखंच असलं तरी पहाटे ग्रॅनाइटवर पाय टेकला की तळव्याची ऊब तो ओढून घेतो, विनाइलवर ती तळव्याशीच राहते. गुडघेदुखी असलेल्या माणसांना हा फरक किती मोठा वाटतो ते घरात विचारून बघा. इथे वर्दळ कमी, म्हणून वरचा पारदर्शक झिजथर ०.३ मिलिमीटरचा असला तरी पुरतो. लाकडाची नक्षी म्हणजे छापलेला पातळ पापुद्रा असतो. त्याचं रक्षण हा झिजथर करतो. फरशीचं आयुष्य ठरतं ते या थराने, एकूण जाडीने नव्हे. दुकानात हा आकडा वेगळा विचारावा लागतो.

मात्र कपाट भरलेलं असतं हे विसरू नका. १६० किलोचं लोखंडी कपाट दोन सेंटिमीटर चौरस पायांवर उभं असेल तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १० किलो भार येतो. मऊ विनाइल त्याखाली दिवसेंदिवस दबत जातं आणि खड्डा कायमचा राहतो. प्रत्येक पायाखाली १० सेंटिमीटर चौरस लाकडी फळी दिली की तोच भार चौरस सेंटिमीटरला ४०० ग्रॅमवर येतो.

दिवाणखान्यात शत्रू दोन, वाळू आणि ऊन. चपलेबरोबर येणारी वाळू म्हणजे बरीचशी गारगोटी, पीव्हीसीपेक्षा कितीतरी कठीण. म्हणून इथे झिजथर ०.५ मिलिमीटरचा घ्यावा आणि दारात पायपुसणं ठेवावंच, पण रबरी तळाचं नको. रबर टिकावं म्हणून त्यात घातलेली रसायनं विनाइलमध्ये झिरपतात आणि पिवळा-तपकिरी डाग पाडतात. तो डाग पृष्ठभागावर नसतो, आत असतो. घासून निघत नाही. काथ्याचं, रबर न लावलेलं पायपुसणं उत्तम.

उन्हाचं गणित असं. पश्चिमेची खिडकी असलेल्या पाच मीटर लांबीच्या खोलीत फरशी दुपारी २० अंशांनी तापली, तर मोकळं पीव्हीसी सुमारे सहा मिलिमीटर वाढू पाहतं. खालचं काँक्रीट जेमतेम एक. भिंतीलगत फट ठेवलेली नसेल तर मधल्या सांध्यांना फुगवटा येतो. ती फट स्कर्टिंगखाली झाकली जाते, तेव्हा ‘अगदी भिंतीला भिडवून द्या’ असा आग्रह कारागिराकडे धरू नये. अशा खोलीत ‘एसपीसी’ म्हणून मिळणाऱ्या, एकमेकींत अडकणाऱ्या कडक पट्ट्या बऱ्या. त्यांच्या गाभ्यात चुनखडीची पूड मोठ्या प्रमाणात असते, त्यामुळे त्या कमी वाढतात. त्यांना खालची जमीन सपाट मात्र लागते. उंचसखल फरशीवर चालताना त्यांच्या कडा तुटतात. मऊ रोलचा दोष वेगळा: जुन्या शहाबादीवर तो तसाच पसरला तर काही महिन्यांत खालचे सांधे वर उमटतात. आधी भरणी करून जमीन सारखी करावी लागते.

स्वयंपाकघराबद्दल मला हळदीची काळजी वाटते. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. फोडणीचा थेंब म्हणजे तेल आणि हळद एकत्र, आणि प्लॅस्टिसायझर असलेलं विनाइल स्वतःच तेलाच्या स्वभावाचं. म्हणून डाग वरचं कवच ओलांडून आत शिरतो. थेंब पडताच साबणाने पुसावा. राहिलाच तर उन्हाची तिरीप तिथे येऊ द्यावी. कर्क्युमिन प्रकाशात तुटतं आणि डाग फिका होतो. उष्णता जास्त धोक्याची. पीव्हीसी सुमारे ८० अंशांना कडकपणा सोडतं आणि मऊ केलेलं त्याच्या कितीतरी आधी. शिट्टी झालेला कुकर १२० अंशांच्या आसपास असतो. ज्या घरात कुकर ओट्यावरून उतरवून खाली ठेवतात, जमिनीवर बसून पोळ्या होतात, तिथे फरशीच राहू द्यावी. देवघराचंही तेच; निरांजन कलंडलं तर तिथे काळा वण पडेल.

बाळ रांगत असेल तर निवड आणखी काळजीने करावी. डीईएचपीसारखे थॅलेट वर्गातले काही पदार्थ शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. युरोपीय संघाने जुलै २०२० पासून अशा चार थॅलेटांवर ग्राहकवस्तूंमध्ये वजनाच्या ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. दुकानदाराकडे ‘थॅलेटमुक्त’ असल्याचा लेखी दाखला मागावा. भंगारातल्या पीव्हीसीपासून केलेला अतिस्वस्त रोल या खोलीत आणू नये, कारण जुन्या मालात काय काय होतं ते सांगता येत नाही. जुन्या इमारतीत आधीपासून विनाइलच्या चौकोनी फरश्या असतील तर त्या खरवडू-फोडू नयेत. एके काळी त्यांत ॲस्बेस्टॉस घालत. आपल्याकडे अशा फरश्यांसाठी आयएस ३४६१ हे स्वतंत्र मानकही होतं.

न्हाणीघरात विनाइल नको. इस्पितळांत ते चालतं, कारण तिथे सांधे वितळवून जोडतात आणि कड भिंतीवर चढवतात. आपल्या बादली-तांब्याच्या अंघोळीत उतार, जाळी आणि रोजचं साबणाचं पाणी असतं. एक सांधा सुटला की पाणी खाली जातं आणि तिथेच राहतं.

मावशीच्या खोलीतलं विनाइल दिवाळीनंतर निघालं. कोबा उघडा ठेवला, खिडक्या दिवसभर उघड्या. वास महिनाभराने गेला. फेब्रुवारीत तिने पुन्हा विचारलं, आता बसवू का? आम्ही दोघींनी गुडघे टेकून प्लॅस्टिकचा कागद चिकटवला, त्यावर तांदळाचा डबा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधीच तिने कागद उचलला. खिडकीकडचा भाग कोरडा होता. विहिरीकडच्या भिंतीलगत बारीक थेंबांची ओळ होती.

“म्हणजे शहाबादीच,” ती म्हणाली, आणि कागद उन्हात वाळत घालायला गेली.