पीयूषिका ग्रंथीजवळची गाठ आणि रक्ताचा कर्करोग

रक्ताचा कर्करोग म्हटला की फिकट पडलेला चेहरा, वारंवार येणारा ताप, हिरड्यांतून वाहणारे रक्त असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु क्वचित प्रसंगी या वर्गातील रोग केवळ डोकेदुखी व दुहेरी दिसणे एवढ्याच लक्षणांनी प्रकट होतो आणि तपासणीत मेंदूच्या तळाशी, पीयूषिका ग्रंथीजवळ, एक गाठ आढळते. असे रुग्ण थोडे. तथापि निदान चुकले तर उपचारांची सारी दिशाच चुकते.

पीयूषिका ही वाटाण्याएवढी, सुमारे अर्ध्या ग्रॅम वजनाची ग्रंथी. कवटीच्या तळाच्या हाडातील ज्या खळग्यात ती वसलेली असते, त्याला शरीरशास्त्रज्ञांनी ‘तुर्की खोगीर’ असे नाव दिले आहे. ग्रंथीच्या वरच्या अंगाला दोन्ही डोळ्यांचे दृष्टितंतू एकत्र येतात, तर दोन्ही बाजूंनी नेत्रगोल हलविणारे मज्जातंतू जातात. येथील बहुसंख्य गाठी ग्रंथीच्याच पेशींपासून होतात व त्या कर्करोगाच्या नसतात. त्या सावकाश वाढतात, संप्रेरकांचे प्रमाण बिघडवितात आणि कडेची दृष्टी हळूहळू मंदावते. काही गाठी नुसत्या गोळ्यांनी आकसतात. पुष्कळशा नाकावाटे शस्त्रक्रिया करून काढता येतात.

रक्तपेशींच्या गाठीची रीत निराळी असते. कवटीच्या हाडातही मज्जा असते. तेथील प्रतिद्रव्ये निर्माण करणाऱ्या प्लाझ्मा पेशी अनिर्बंध वाढू लागल्या, की त्या प्रथम हाड पोखरतात. त्यामुळे ग्रंथीचे कार्य बहुधा शाबूत राहते. मात्र शेजारचे मज्जातंतू लवकर दबतात. पापणी पडते, डोळा तिरळा होतो, चेहऱ्याला बधिरता येते. लिम्फोमा हा लसिका पेशींचा कर्करोग कधी कधी प्रत्यक्ष ग्रंथीत व तिच्या देठात शिरतो. मग अनावर तहान लागते, लघवीचे प्रमाण फार वाढते. लोक मधुमेह समजतात, पण लघवीत साखर नसते.

एम.आर.आय. चित्रात या सर्व गाठी पुष्कळदा सारख्याच दिसतात. काही आठवड्यांतच वाढलेली लक्षणे आणि झिजलेले हाड यांवरून संशय घ्यावा लागतो; अखेरचा निर्णय गाठीचा तुकडा तपासूनच होतो. लिम्फोमाच्या पेशी स्टिरॉइड औषधाने विरघळतात व तुकड्यात काहीच सापडत नाही. म्हणून दृष्टीला धोका किंवा संप्रेरकांची उणीव नसेल तर तज्ज्ञ ते औषध तपासणीपर्यंत लांबवितात. प्लाझ्मा पेशींच्या रोगात रक्त व लघवीतील विशिष्ट प्रथिन मोलाची साक्ष देते. हेन्री बेन्स जोन्स या इंग्रज वैद्याने 1847 मध्येच अशा रुग्णाच्या लघवीची तपासणी करून हे प्रथिन नोंदविले होते. अस्थिमज्जेची तपासणीही करावी लागते, कारण डोक्यातील गाठ हा सर्व शरीरात पसरलेल्या मायलोमाचा पहिला आविष्कार असू शकतो.

उपचारांतील फरक येथेच आहे. प्लाझ्मा पेशींची एकटी गाठ किरणोपचाराला उत्तम दाद देते; रोग पसरलेला असल्यास औषधे द्यावी लागतात. लिम्फोमात मुख्य भिस्त औषधांवर असते. संपूर्ण गाठ काढण्याची जोखमीची शस्त्रक्रिया पुष्कळदा अनावश्यक ठरते. एकट्या गाठीच्या रुग्णांपैकी अनेकांना पुढे मायलोमा होतो, म्हणून वर्षानुवर्षे तपासणी चालू ठेवावी लागते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात 1941 पासून कर्करोगावर उपचार होत आहेत. पण तेथवर रुग्ण वेळेत पोहोचणे हे गावातील पहिल्या पारखीवर अवलंबून असते. ती पारख सोपी आहे. एक डोळा झाकताच दुहेरी प्रतिमा नाहीशी होत असेल, तर दोष बहुधा चष्म्याच्या नंबराचा नसून डोळे हलविणाऱ्या यंत्रणेचा असतो, आणि अशा व्यक्तीस चष्म्याच्या दुकानात न पाठविता जिल्हा रुग्णालयात पाठवावे.