चिकन खिम्यात गहू कुठून येतो?

कोंबडीच्या मांसात ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, नसतंच. पाकिटावर घटक म्हणून फक्त चिकन लिहिलं असेल, तर सिलिअ‍ॅक हा ग्लूटेन न सोसण्याचा आजार असलेल्या माणसाला तो खिमा बहुधा चालतो. खरी काळजी मसाला लावलेल्या खिम्याची, कबाब-पॅटिसची. मिश्रण बांधून राहावं म्हणून त्यात ब्रेडचा चुरा, मैदा किंवा रवा घालतात. हिंगाच्या पुडीतही अनेकदा गव्हाचं पीठ असतं, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. भारतात गव्हासारख्या ग्लूटेनयुक्त धान्याचा उल्लेख पाकिटावर ‘कंटेन्स’पुढे करावा लागतो. ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन चालत नाही. ‘मे कंटेन व्हीट’ दिसलं, तर पाकीट परत ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानदारानेच पॅक केलेला खिमा असेल, तर यंत्रातून त्याआधी काय काढलं होतं, हे जरूर विचारा.