सुरंग की सुरुंग?

वीकेण्डला लोणावळ्याला निघालेली ऑफिसची गँग. एक्स्प्रेस वेवर दिल्लीवाला कलीग ओरडतो, 'आगे सुरंग है!' आणि मागच्या सीटवरचा पक्का पुणेकर दचकतो. कारण आपल्याकडे सुरुंग उडतो, त्यातून गाडी जात नाही. गाडी जाते ती बोगद्यातून!

खरं तर शब्द एकच. संस्कृत 'सुरुंगा' म्हणजे भुयार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही तो सापडतो. अनेक अभ्यासक त्याचं मूळ ग्रीक 'सिरिंक्स'मध्ये शोधतात. सिरिंक्स म्हणजे पोकळ नळी, बासरी. (डॉक्टरांची सिरिंज? तीही त्याच घराण्यातली!) पुढे किल्ल्याच्या तटाखाली भुयार खणून त्यात दारू ठासायची, प्यायची नव्हे, आणि बत्ती द्यायची. हिंदीत दोन्ही अर्थ टिकले. मराठीत भुयार बुजलं, धडाका तेवढा उरला.

आणि 'टनेल'? जुन्या फ्रेंचमध्ये हे चक्क पिंप! इंग्रजीत आधी पक्षी पकडायचं नळीसारखं जाळं, मग धुराडं. अठराव्या शतकात कालव्यांसाठी डोंगर पोखरले गेले (इंग्लंडमधला हेअरकॅसलचा बोगदा १७७७ चा), तेव्हा कुठे आजचा अर्थ रुळला. गंमत म्हणजे फ्रेंचांनी मग तोच शब्द इंग्रजांकडून परत घेतला.

घरून काम करताना तुम्ही व्हीपीएनच्या ज्या 'टनेल'मधून ऑफिसात शिरता ना, तोही त्याच पिंपाचा वंशज.