धातुशास्त्रज्ञाचा पेशा
हिवाळ्याच्या पहाटे उपनगरी मार्गावर कोठेतरी रुळाला तडा गेला की गोरेगावच्या फलाटावरची गर्दी खोळंबून राहते, आणि थंडीने लोखंड आकसले एवढ्या खुलाशावर बहुधा तो विषय मिटतो. परंतु थंडी केवळ ताण वाढवते. तडा जन्म घेतो तो पुष्कळदा त्याच्या फार आधी, पोलादाच्या पोटातील एखाद्या सूक्ष्म दोषापाशी किंवा थर्मिट पद्धतीने केलेल्या सांध्यात, आणि प्रत्येक गाडीच्या भाराखाली तो तिळातिळाने पुढे सरकतो. तुटीचा पृष्ठभाग जाणत्या नजरेने पाहिला, तर ओहोटीच्या लाटा वाळूवर ठेवून जातात तशा वक्र रेषा तेथे अनेकदा आढळतात, आणि तडा कोठून निघाला, कसा वाढला, याचा माग त्यांवरून लागतो. हा माग काढणे हे धातुशास्त्रज्ञाचे कसब. आणि आमच्या हुशार मुलांना या पेशाची ओळख इतकी थोडी असावी, याची मला मनापासून खंत वाटते.

या पेशात हात आधी तयार व्हावा लागतो. रुळातून कापलेला अंगठ्याएवढा तुकडा एमरी पेपरवर खरखरीतापासून मऊपर्यंत क्रमाने घासायचा, दर खेपेस तो काटकोनात फिरवून आधीचे ओरखडे निःशेष घालवायचे, मग मखमली कापडावर अ‍ॅल्युमिनाच्या भुकटीने त्याचा आरसा करायचा आणि शेवटी नायट्रिक आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये क्षणभर बुडवून तो सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. तेव्हा कोठे परलाइट दिसतो, म्हणजे मऊ फेराइट आणि कठीण सिमेंटाइट यांचे एकाआड एक थर. आपल्या रेल्वेच्या नेहमीच्या रुळात कार्बन सुमारे ०.६ ते ०.८ टक्के असतो. एवढ्याशा अंशावर आणि पोलाद थंड होण्याच्या गतीवर त्याचा सारा स्वभाव अवलंबून असतो. घाईने घासलेला नमुना खोटी साक्ष देतो. म्हणून या विद्येत बुद्धीइतकीच सचोटी लागते, असे माझे मत आहे.

शिक्षणासाठी गोरेगावकराला लांब जाण्याची गरज नाही. आरेच्या पलीकडे पवईला असलेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ही शाखा आहे. पुण्याचे जुने अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नागपूरची विश्वेश्वरय्या संस्था येथेही ती शिकवली जाते. पदवीनंतर ओतशाळा, फोर्जिंगचे कारखाने, रेल्वे, तेलशुद्धीकरण अशी अनेक दारे उघडतात. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणशाळा १९५७ पासून उमेदवार घडवीत आली आहे. अणुभट्टीतील इंधनाच्या आवरणासाठी झिर्कोनियममधून हाफ्नियम वेगळे काढावे लागते, कारण हाफ्नियम न्यूट्रॉन गिळतो, आणि असले प्रश्न तेथील धातुशास्त्रज्ञांचे नित्याचे काम होय. ओतशाळेतली पहिली वर्षे मात्र रात्रपाळीची, धुराची आणि उष्णतेची असतात, हे पालकांनी मुलांपासून लपवू नये.

आणि काम घराजवळही आहे. गोरेगावच्या पश्चिमेस खाडीची खारी हवा इमारतींत शिरते, क्षार काँक्रीटमधून सळईपर्यंत पोहोचतात, आणि गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापत असल्यामुळे स्लॅब आतून फुटतो. पोपडे काढून त्यावर नवा गिलावा चढवण्याचा आपल्या सोसायट्यांचा शिरस्ता आहे. सळईची विद्युत्‌विभव चाचणी घेऊन गंज कोठवर पोहोचला हे आधी ठरवणारा माणूस त्यांना हवा आहे.