जुने यंत्र आणि बंद झालेले दार

यंत्र मोडले म्हणजे ते निकामी झाले, हे कोणासही समजते. घड्याळाची स्प्रिंग तुटली किंवा रेडिओचा व्हॉल्व्ह जळाला की ती वस्तू दुरुस्तीस जाते. आणि दुरुस्ती परवडेनाशी झाली की माळ्यावर जाऊन पडते. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक निराळाच प्रकार आपल्या परिचयाचा झाला आहे. मोबाईल धडधाकट असतो, त्याचा पडदा उजळतो, बॅटरी दिवसभर टिकते, काचेला साधा तडाही गेलेला नसतो. आणि तरीही एके दिवशी तो निरोप पोचवीत नाही, नकाशा दाखवीत नाही, खात्यात प्रवेश मिळू देत नाही. ‘ही आवृत्ती यापुढे चालणार नाही’ अशा अर्थाचे एक वाक्य पडद्यावर येते आणि काल उघडी असलेली दारे एकामागून एक बंद होऊ लागतात. थोरल्या भावाचा जुना मोबाईल धाकट्याकडे येण्याची रीत ज्या घरांत आहे, त्या घरांतील विद्यार्थ्यांना तर हा अनुभव हमखास येतो. म्हणून हे कसे घडते, ते येथे थोडे खोलात जाऊन पाहू.

३० जून २०११ नंतर आपल्या देशात पंचवीस पैशांचे नाणे चलनातून गेले. त्या दिवशी नाण्याचा धातू बदलला नाही, की त्यावरची अक्षरे पुसली गेली नाहीत. फक्त समोरच्याने ते घेण्याचे थांबविले. नाण्याचे मोल मुळात घेणाऱ्याच्या मान्यतेत होते, आणि ती मान्यता संपली. मोबाईलवरील पुष्कळशा सोयींचे असेच आहे. आपण मित्राला निरोप धाडतो तेव्हा तो थेट त्याच्या हाती पडत नाही. प्रथम तो सेवा चालविणाऱ्या कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे जातो आणि तेथून पुढे रवाना होतो. म्हणजे जे यंत्र आपण विकत घेतले असे समजतो, त्याचे अर्धे अंग आपल्या खिशात असते आणि अर्धे शेकडो मैलांवर परक्याच्या ताब्यात. दूरच्या टोकाला सुधारणा सतत चालू असतात. जवळच्या टोकाला मात्र नवी आवृत्ती मिळेल तेव्हाच बदल होतो. एक टोक चालत राहिले आणि दुसरे जागीच थांबले, की दोघांमधील बोलणे कधीतरी तुटणारच.

हे बोलणे गुप्त लिपीत होत असते. वाटेत कोणी ते ऐकू नये म्हणून दोन्ही टोके आधी एक सांकेतिक पद्धती ठरवून घेतात. या पद्धतीला टीएलएस असे नाव आहे. तिची पहिली आवृत्ती १९९९ सालची, १.२ ही आवृत्ती २००८ साली आली. कुलपे जुनी झाली की चोरांना त्यांच्या किल्ल्या सापडतात; येथेही तसेच झाले. प्रमुख ब्राउझर तयार करणाऱ्या कंपन्यांनी पहिल्या दोन आवृत्त्या सोडून देण्याचे २०१८ साली जाहीर केले, आणि मार्च २०२१ मध्ये इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या मंडळानेही त्या रीतसर कालबाह्य ठरविल्या. आता गंमत अशी की, अँड्रॉइडच्या ४.४ या २०१३ सालच्या आवृत्तीला १.२ ही पद्धती येत होती. परंतु ती आपण होऊन वापरण्याची सवय तिला लावलेली नव्हती. ती सवय ५.० या आवृत्तीपासून लागली. नवी भाषा येत असूनही जुनीच बोलत राहणाऱ्या माणसासारखी त्या मोबाईलांची स्थिती झाली.

याहून मनोरंजक गोष्ट आहे ओळख पटविण्याची. आपल्या मोबाईलने बँकेशी संपर्क साधला, तर पलीकडे खरोखर बँकच आहे, तोतया नाही, हे त्याला कसे कळावे? बँकेच्या कचेरीत खातेदारांच्या नमुना-सह्या जपून ठेवलेल्या असतात आणि धनादेश आला की त्यावरील सही त्यांच्याशी ताडून पाहतात, हे आपणांस ठाऊक आहे. मोबाईलच्या पोटातही अशीच नमुना-सह्यांची एक वही असते. जगातील काही विश्वासू संस्था संकेतस्थळांना प्रमाणपत्रे देतात, आणि त्या संस्थांच्या ‘सह्या’ कारखान्यातच या वहीत नोंदविलेल्या असतात. संकेतस्थळाने आपले प्रमाणपत्र दाखविले की मोबाईल वही उघडतो, सही जुळते का ते पाहतो, आणि जुळली तरच पुढे बोलतो. मात्र या वहीला नवी पाने सहसा आवृत्ती बदलते तेव्हाच जोडली जातात. ज्या मोबाईलला नवी आवृत्ती मिळणे थांबले, त्याची वही तेथेच मिटली.

या मिटलेल्या वहीमुळे केवढा पेच उभा राहतो, हे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या उदाहरणावरून चांगले कळते. ही अमेरिकेतील ना-नफा संस्था असून २०१५ च्या अखेरीपासून ती संकेतस्थळांना विनामूल्य प्रमाणपत्रे देऊ लागली. संस्था नवी असल्यामुळे तिची सही कोणाच्याच वहीत नव्हती. म्हणून तिने आयडेनट्रस्ट या जुन्या संस्थेकडून जामीनकीची सही घेतली आणि त्या आधारावर काम चालविले. पुढे अँड्रॉइडच्या ७.१.१ या आवृत्तीत तिची स्वतःची सहीही नोंदली गेली. परंतु जामीन राहिलेल्या जुन्या सहीची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपणार होती. नोव्हेंबर २०२० मध्ये संस्थेने हिशेब मांडला, तेव्हा जगातील अँड्रॉइड यंत्रांपैकी सुमारे ३३.८ टक्के यंत्रे ७.१ च्या आधीच्या आवृत्तीवर होती. तीन यंत्रांमागे एक यंत्र असंख्य संकेतस्थळांना एकाच दिवशी ‘तोतया’ म्हणू लागले असते!

यावर निघालेला तोडगा मोठा चतुर होता. अँड्रॉइड आपल्या वहीतील मूळ सहीची मुदत तपासत नाही. ती सही वहीत आहे एवढेच पाहते. तेव्हा आयडेनट्रस्टने आपल्या मुदत संपणाऱ्या सहीनेच लेट्स एन्क्रिप्टला आणखी तीन वर्षांची जामीनकी लिहून दिली. कागदावर विचित्र दिसणारी ही तजवीज उपयोगी पडली आणि जुनी अँड्रॉइड यंत्रे चालू राहिली. आयओएस १० च्या आधीच्या आवृत्त्या असलेल्या आयफोनांना मात्र तिचा लाभ झाला नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी ही वाढीव मुदतही संपली. तोवर नवी सही ओळखणाऱ्या अँड्रॉइड यंत्रांचे प्रमाण ९३ टक्क्यांच्या पुढे गेले होते. उरलेल्यांसाठी दार बंद झाले. जाणूनबुजून कोणी त्यांना हाकलले नाही, हे खरे. पण बाहेर राहिलेल्याला त्यामुळे काय फरक पडतो?

जाता जाता एक सांगण्यासारखे आहे. बॅटरी पूर्ण उतरल्यावर काही जुन्या यंत्रांची तारीख मागे जाते. प्रमाणपत्रांची मुदत त्याच तारखेशी ताडली जात असल्यामुळे मग एकही संकेतस्थळ उघडत नाही आणि मालक समजतो की यंत्राचा काळ संपला. अशा वेळी प्रथम तारीख नीट लावून पाहावी.

आधार काढून घेण्याचे दुसरे कारण सरळ खर्चाचे आहे. प्रत्येक जुन्या आवृत्तीसाठी नवी सुधारणा वेगळी तपासावी लागते, आणि ती वापरणारे कमी होत गेले की कंपनीला तो खर्च जड वाटतो. व्हॉट्सॲपने ३१ डिसेंबर २०१९ नंतर विंडोज फोनवर, आणि १ फेब्रुवारी २०२० पासून अँड्रॉइड २.३.७ व आयओएस ८ या आवृत्त्यांवर काम करणे थांबविले. मे २०२५ मध्ये आयफोनसाठी किमान आवृत्ती १५.१ ठरली, तेव्हा २०१४ साली आलेला आयफोन ६ बाहेर पडला. कारण त्याची धाव बाराव्या आवृत्तीपर्यंतच होती.

तिसरे कारण सुरक्षिततेचे आहे, आणि ते बहाणा म्हणून उडवून लावण्याजोगे नाही. विंडोज एक्सपी या संगणकप्रणालीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. तीन वर्षांनी, १२ मे २०१७ रोजी, वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत एकोणीस हजारांहून अधिक रुग्णांच्या भेटी व उपचार रद्द झाले असावेत, असा तेथील सरकारी लेखापरीक्षकांचा अंदाज आहे. बाधित यंत्रांपैकी बहुतेक विंडोज ७ ची होती हेही सांगितले पाहिजे. त्यांच्यासाठीची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ती बसविण्याचे राहून गेले होते. एक्सपीसाठी मात्र मायक्रोसॉफ्टला संकटानंतर घाईने खास दुरुस्ती काढावी लागली.

एवढे सगळे मान्य केले तरी एक प्रश्न उरतोच. कंपनी म्हणते, ‘नवी आवृत्ती घ्या.’ ती घ्यावी कोठून? अँड्रॉइडची नवी आवृत्ती गूगल प्रसिद्ध करते. पण ती थेट आपल्या यंत्रात उतरत नाही. आधी चिप तयार करणाऱ्या कंपनीने आपले भाग तिच्याशी जुळवून द्यावे लागतात. मग मोबाईल बनविणारी कंपनी ती आपल्या प्रत्येक नमुन्यासाठी घडविते. या साखळीतील एका दुव्याने ‘आता पुरे’ म्हटले की यंत्र जागच्या जागी थांबते. स्वस्त मोबाईलांच्या बाबतीत हे बहुधा लवकर घडते, कारण त्यांतून मिळणारा नफा मुळातच थोडा असतो. म्हणजे ज्याच्यापाशी पैसे कमी, त्याच्या यंत्राचे आयुष्य आधी संपते, आणि ‘नवे घ्या’ हा सल्लाही त्यालाच आधी ऐकावा लागतो. संगणकांचेही तसेच. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते, जी कित्येक जुन्या पण चालू संगणकांत नाही. एखाद्या शाळेने वर्गणी जमवून उभारलेल्या संगणककक्षाच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नव्हे.

दार बंद करण्याची रीतही महत्त्वाची आहे. ४ जानेवारी २०२२ रोजी ब्लॅकबेरीने आपल्या जुन्या प्रणालींच्या सेवा थांबविल्या, तेव्हा त्या यंत्रांवरून साधा फोन किंवा आणीबाणीचा क्रमांकदेखील खात्रीने लागेल याची हमी उरली नाही. पण निदान ही गोष्ट कंपनीने आगाऊ स्पष्ट सांगितली होती. २७ सप्टेंबर २०२१ पासून गूगलने अँड्रॉइड २.३.७ व त्याआधीच्या आवृत्त्यांवरून खात्यात प्रवेश देणे बंद केले. सूचना आधी दिलेली होती. परंतु ज्याने ती वाचली नाही, त्याने अचूक सांकेतिक शब्द घातला तरी नाव किंवा सांकेतिक शब्द चुकल्याची खूण पडद्यावर येण्याचा संभव होता. बिचारा म्हातारा माणूस पुन्हापुन्हा तीच अक्षरे तपासत बसणार! दार बंद करायचे तर करावे. मात्र पाटीवर खरे कारण लिहावे.

या बाबतीत अलीकडे थोडी जाग आली आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांनुसार मोबाईलच्या एखाद्या नमुन्याची विक्रीस ठेवणे थांबल्यावरही किमान पाच वर्षे त्याच्या प्रणालीची अद्यतने उपलब्ध राहिली पाहिजेत. गूगलने २०२३ साली पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ साली गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांचे वचन दिले. ही महाग यंत्रे आहेत, हे खरे. तरी मोबाईल घेताना कॅमेऱ्याची चौकशी आपण जितक्या हौसेने करतो, तितक्याच हौसेने ‘अद्यतने किती वर्षे मिळणार?’ असे दुकानदाराला विचारावयास हवे. उत्तर देता आले नाही, तर तेही एक उत्तरच समजावे.

घरात असलेल्या यंत्राविषयी पाहावयाचे ते थोडकेच. सेटिंग्जमध्ये आवृत्तीचा क्रमांक व शेवटच्या सुरक्षा-अद्यतनाची तारीख दिलेली असते. ती तारीख वर्षानुवर्षांपूर्वीची असेल, तर त्या मोबाईलवर बँकेचे व्यवहार करू नयेत. छायाचित्रे, निरोप व दूरध्वनी क्रमांक दार बंद होण्यापूर्वीच दुसरीकडे उतरवून घ्यावेत, कारण पुष्कळदा ती वाट त्याच दारातून जाते. एवढे केल्यावर यंत्र फेकून देण्याचे कारण उरत नाही. सर्व्हरची गरज नसलेली कामे ते पूर्वीइतकीच चोख करते: लंबकाच्या प्रयोगात सेकंद मोजणे, कविता पाठ करताना आपलाच आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकणे, साठविलेला शब्दकोश चाळणे. मात्र यंत्र कोरे करून धाकट्याच्या हाती द्यावयाचे असेल, तर त्यातील गूगल खाते सेटिंग्जमधून आधी काढावे आणि मगच ते पुसावे. अँड्रॉइड ५.१ पासून पुढच्या यंत्रांना दुसऱ्या मार्गाने कोरे केल्यास ती सुरू होताना जुन्या खात्याची ओळख मागतात. आणि ती ओळख पटवून देणारा सर्व्हर त्या आवृत्तीशी बोलेनासा झाला असेल, तर धड असलेले ते यंत्र पहिल्याच पडद्यावर अडून बसेल.