दगड सांभाळणारे गाव

एडिसनच्या ओक ट्री रोडवर शनिवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. त्या गर्दीतून निघून उत्तरेला तास-सव्वा तास गेले की ससेक्स काउंटीतले फ्रँकलिन लागते आणि तिथे रस्त्यावर माणूस दिसला तर नशीब. न्यू जर्सीत वीस-वीस वर्षे काढलेल्या आपल्या मंडळींपैकी कितीजण इकडे फिरकले असतील, देव जाणे.

इतिहास भराभर सांगून टाकतो. हे जस्ताच्या खाणीचे गाव. न्यू जर्सी झिंक कंपनीची इथली खाण 1954 मध्ये बंद झाली, शेजारच्या ऑग्डेन्सबर्गची स्टर्लिंग हिल खाण 1986 मध्ये. या दोन खाणींत मिळून साडेतीनशेहून जास्त प्रकारची खनिजे सापडली. त्यांतली काही जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. हौशी लोकांनी 1959 मध्ये खनिजप्रेमींची संस्था काढली, 1965 मध्ये किवानिस क्लबच्या पुढाकाराने संग्रहालय उघडले.

पाहुणे येतात ते अंधाऱ्या दालनासाठी. साधे दिवे मालवून अतिनील दिवे लावले की मघाचे करडे, मळकट धोंडे लाल-हिरवे पेटून उठतात. लाल तो कॅल्साइट, त्यातल्या मँगनीजमुळे. हिरवा तो विलेमाइट. बाहेर बकव्हीट डंप नावाच्या खाणीच्या जुन्या ढिगाऱ्यावर पैसे भरून आपणही दगड वेचू शकतो. डोक्यावर काळे कापड घेऊन हातातल्या दिव्याने धोंडे तपासणारी मोठी माणसे पाहण्यातही मजा आहे.

माझा वेळ गेला तो एका सत्तरी ओलांडलेल्या स्वयंसेवकाजवळ. पगार नाही, काम दगडांवर आकडे घालायचे. दगडाच्या न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका द्यायचा, तो वाळला की बारीक टाकाने काळ्या शाईत क्रमांक लिहायचा आणि वर लाखेचा हात फिरवायचा. तोच क्रमांक वहीत आणि संगणकात. जुन्या मालकाची चिठ्ठी चुकीची असली तरी फेकायची नाही. नवी तिच्याशेजारी ठेवायची. दगड हरवला तर दुसरा मिळेल, पण चिठ्ठी हरवली की तो नुसता धोंडा, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या बोटांना कंप आहे, पण टाक टेकला की तो थांबतो.

खाणकामगार जेवणाच्या रिकाम्या डब्यातून उत्तम नमुने घरी नेत, ही गोष्ट या गावात हमखास ऐकायला मिळते. कंपनीच्या लेखी ती चोरी असेल. पण ते डबे नसते तर यातले कितीतरी दगड भट्टीत गेले असते. आता ते कामगार राहिले नाहीत आणि स्वयंसेवकांतही पांढरे केसच जास्त. मुले येतात, चमकणाऱ्या दगडांचे फोटो काढतात आणि जातात. टाक हाती घ्यायला कोणी थांबत नाही, ही त्या स्वयंसेवक गृहस्थांची एकच तक्रार.

ती ऐकताना मला घरची आठवण झाली. दख्खनच्या साडेसहा कोटी वर्षांच्या काळ्या पाषाणातले झिओलाइट जगातल्या बहुतेक नामवंत संग्रहालयांत मानाने बसलेले असतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतल्या निळ्याभोर कॅव्हॅन्साइटसाठी परदेशी संग्राहक हवी ती किंमत मोजतात. पण जुन्या चिठ्ठ्यांवर अनेकदा नुसते ‘पूना’! कोणती खाण, कधी निघाला, काही पत्ता नाही. बाकीचा माल खडी होऊन रस्त्यात गेला. सिन्नरचे ‘गारगोटी’ संग्रहालय एका माणसाच्या वेडातून उभे राहिले, याचे कौतुक आहेच. पण एका माणसाचे वेड आणि गावाने वाटून घेतलेले काम यांत फरक आहे.

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळांनी पुढची सहल फ्रँकलिनला न्यावी. हिवाळ्यात दारे बंद असू शकतात, आधी चौकशी करून निघावे. ज्यांना महिन्यातला एखादा शनिवार मोकळा आहे, त्यांनी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवावे. भूशास्त्राची पदवी लागत नाही, अक्षर बरे असले की पुरते. आणि पुण्या-नाशिककडच्या महाविद्यालयांनी खाणी बुजण्याआधी निदान कोणता दगड कुठला, एवढे तरी वहीत टिपून ठेवावे.