चकती जिथे फसते

विठ्ठलवाडीतल्या पॅथॉलॉजी लॅबमधून आणलेला कल्चर रिपोर्ट पाहा: औषधांच्या नावांपुढे 'एस' (औषध लागू), 'आय' (मधलं) किंवा 'आर' (लागू नाही). ही अक्षरं अनेकदा चकतीवरून ठरतात. जंतू पसरलेल्या अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या, ताटलीत औषधाची कागदी चकती ठेवतात. रात्रभरात भोवती मोकळं वर्तुळ उमटलं, तेही पुरेसं मोठं, तर औषध लागू.

बाकी सगळी औषधं हरल्यावर काढायच्या कोलिस्टिनला ही युक्ती चालत नाही. त्याचा रेणू थोराड. बुंदीच्या झाऱ्यात लाडू अडकावा तसा तो अगारमध्ये अडकतो. वर्तुळं छोटीच राहतात. निर्ढावलेला जंतू कोणता आणि साधा कोणता, कळत नाही. चकतीऐवजी औषधाची पट्टी ठेवली तरी तेच रडगाणं.

म्हणून २०१६ साली अमेरिकी आणि युरोपीय मानक संस्थांनी मिळून द्रवातली चाचणीच प्रमाण मानली. ट्रेच्या बारीक खळग्यांत औषध दुपटीदुपटीनं वाढवत न्यायचं, प्रत्येकात तेवढेच जंतू सोडायचे, दुसऱ्या दिवशी पहिला नितळ खळगा शोधायचा. लिटरला २ मिलिग्रॅमलाही गढूळच, तर 'आर'. यातही खोडी आहेच: कोलिस्टिन प्लॅस्टिकला चिकटतं, त्यामुळे ट्रे कसल्या प्लॅस्टिकचा हवा हेही ठरवून दिलंय. छोट्या लॅबला एवढा खटाटोप रोज कुठला झेपायला!

आणि २०२० पासून अमेरिकी नियमांत कोलिस्टिनपुढे 'एस' नाहीच. चांगल्यात चांगला निकाल 'आय'.